किती माणसांसाठी

“कृती?”

एवढा एकच शब्द मी लिहिला आणि पाठवून दिला. मग फोन ओट्यावर पालथा घातला आणि भाताचं आधण बघायला वळले. जसं काही कोबीच्या वड्यांचीच कृती मागितली होती.

फोन ओट्यावर थरथरायला लागला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. भाताखालचा गॅस बारीक केला, हात पदराला पुसला आणि फोन उलटा केला. पिवळी तोंडं हसत होती, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

“शालनताई, चष्मा लावा चष्मा! ही वडीची पोस्ट नव्हे!” शबाना मुजावर, मिरजेची.

“ताईंची कढई तापलीय वाटतं. घाई बघा!”

“कृती द्या, सोबत फोटो पण टाका म्हणावं.” आणि पुन्हा ती तोंडं.

आमचा ग्रुप रांधणाऱ्या बायकांचा. नाव ‘आपली चूल’. कऱ्हाड, इस्लामपूर, विटा, मिरज, थेट पुण्या-मुंबईला गेलेल्या लेकीबाळी, सगळ्या त्यात. कुणी काहीही रांधलं की खाली ‘कृती?’ लिहायचं ही सगळ्यांची सवय. एकीनं तर नातवाच्या बारशाच्या फोटोखालीही लिहिलं होतं, त्यावर आठवडाभर हसणं चाललं होतं.

त्या दिवशीचा फोटो मात्र ताटाचा नव्हता. विट्याच्या सुमन घोडकेनं पेपरातलं कात्रण टाकलं होतं. लांबच्या कुठल्याशा शहरात एका तरुण पोरानं विषारी वायूनं जीव दिला. कार्बन मोनॉक्साइड असं काहीतरी नाव होतं, आणि खाली ओळ होती की ही माहिती त्यानं इंटरनेटवरून मिळवली होती. सगळ्यांनी हात जोडले. कुणीतरी लिहिलं, “आईबापाचं काय झालं असेल!” आणि मग पुण्याच्या स्मितानं लिहिलं, “आजकाल नेटवर ह्याच्यासुद्धा कृती मिळतात म्हणे. काय काळ आलाय!”

त्याच्या खाली माझा शब्द.

मी घाईघाईनं जीभ बाहेर काढलेलं तोंड पाठवलं आणि लिहिलं, “अगं बाई! चुकून गेलं. वड्यांच्या खाली टाकायचं होतं.”

चुकून गेलं नव्हतं.

आता ह्याला नऊ वर्षं झाली. तेव्हाची मी डोळ्यासमोर आणते तेव्हा मला तिची भीती वाटत नाही, तिला बघून लाजेनं कानशिलं तापतात. ग्रुपवर रोज एक ताट पडायचं माझं. भरली वांगी, पुरणाची पोळी, मेथीचे गोळे. सगळ्या म्हणायच्या, शालन मानेच्या हाताला चव आहे. आणि मला स्वतःला माझ्या हातचं काही लागत नव्हतं. मीठ घातलं की नाही ते आमटीच्या रंगावरून ओळखायचे. जीभ म्हणजे नुसती चामड्याची वहाण झाली होती.

घरात वाईट म्हणावं असं काही नव्हतं, हे आधीच सांगते. नवरा एस.टी.त ड्रायव्हर, तोंडात सुपारीसुद्धा नाही. पोरगी लग्न होऊन पुण्याला, सुखात. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अंथरुणाला खिळून होत्या त्या आदल्या दिवाळीत गेल्या. मी त्यांचं सगळं केलं. वाटी वाजवून बोलवायच्या, “शालन, मीठ कमी!” म्हणून ओरडायच्या. त्या गेल्यावर लोक म्हणाले, सुटलीस बाई. मलाही वाटलं सुटले. मग सकाळी उठायचं कशासाठी तेच कळेना. झोप गेली. चव गेली. घरात वाटी वाजल्याचा भास व्हायचा आणि तो भास थांबला की जास्त वाईट वाटायचं.

तेवढ्यानं कुणाला जीव नकोसा होतो का, असं तुम्ही म्हणाल. मीही मला तेच म्हणायचे. दारुड्या नवऱ्याच्या बायका चार घरची भांडी घासून हसत हसत घरी जात होत्या आणि मला, जिच्या घरी पाण्याचा नळ आतमध्ये आहे तिला, जगायचं नव्हतं. दुःखाला काही कारण तरी पाहिजे की नाही! कारण नाही ह्याचीच लाज मोठी होती. म्हणून कुणाला बोलले नाही. बोलले ते एका शब्दात, आणि त्यावर सगळ्या हसल्या. त्यांची चूक नव्हती. मीच हसण्यासारखं करून ठेवलं होतं.

भात उतरवला. तेवढ्यात स्मिताचा वेगळा मेसेज आला, एकटीलाच.

“ताई, तुम्ही विचारलंत म्हणून. फक्त माहितीसाठी हं. आपल्याला माहीत असलेलं बरं, सावध राहता येतं.” खाली कुठल्याशा पानाचा पत्ता.

मी ते पान उघडलं.

त्यात काय होतं ते मी लिहिणार नाही. आजवर मी कृती देताना चिमटीभर हिंगसुद्धा कुणापासून लपवला नाही. ही एकच लपवते, आणि जिवंत आहे तोवर लपवणार. एवढंच सांगते, की ते पान हुबेहूब आमच्या ग्रुपसारखं होतं. साहित्य. प्रमाण. टिपा. ‘अमुक केलंत तर बिघडतं.’ आणि खाली माणसं होती. कुणी म्हणत होतं धन्यवाद, कुणी म्हणत होतं छान समजावलंत, कुणी आणखी बारकावे विचारत होतं आणि कुणीतरी मायेनं सांगत होतं, अगदी जशा आम्ही चकली का मऊ पडली ते सांगतो. शंभर माणसं असतील. एकानंही दुसऱ्याला विचारलं नव्हतं की बाबा, तू कोण, जेवलास का, तुला हे कशाला पाहिजे.

मी ते दोनदा वाचलं. मग सवयीनं, देवाशपथ सवयीनं, घरात काय आहे आणि काय आणावं लागेल ते बघायला उठले.

आणि फोन वाजला.

उज्ज्वला शेटे. आमच्या ग्रुपच्या अॅडमिन.

उज्ज्वलाताईंची इस्लामपूरला मिरची कांडपाची गिरणी. मिरची कुटणाऱ्या डंकाच्या वर आवाज काढायची सवय, त्यामुळे फोनवर बोलल्या तरी फोन हातभर लांब धरावा लागायचा. ग्रुपचे नियम त्यांचे. पहिला, देवाचे आणि पुढाऱ्यांचे फोटो टाकायचे नाहीत. दुसरा, ताटाचा फोटो स्वतःच्या ताटाचाच. तिसरा, कृती मागताना किती माणसांसाठी पाहिजे ते लिहायचंच. “नाहीतर वीस माणसांच्या मापानं एक बाई दोघांना मीठ घालते आणि नाव ग्रुपचं जातं.” ह्या तिसऱ्या नियमापायी त्यांनी स्वतःच्या नणंदेला काढून टाकलं होतं. तिला पुन्हा घ्यायला दिराला मध्ये पडावं लागलं.

“शालन. नियम तीन.” नमस्कार नाही, काही नाही. मागं डंक धाडधाड पडत होता.

“चुकून गेलं ताई. हात लागला.”

“हात लागून ‘कृ’ उमटत नाही. मला शोधूनसुद्धा सापडत नाही तो मेला. ते सुमनचं कात्रण मी काढून टाकलंय. पण तू एवढी वर्षं ग्रुपात आहेस, कधी माणसं लिहायची चुकली नाहीस. आज कशी चुकलीस?”

“गडबडीत होते.”

“कसल्या?”

मी ओट्यावरच्या फडक्याची घडी घालायला लागले.

“पाव्हणं कुठायत?”

“वस्तीच्या गाडीवर. पाटणच्या वरती. उद्या सकाळी येतील.”

“जेवलीस?”

“भात टाकलाय.”

“बरं, राहू दे ते. संकेश्वरी मिरची आलीय चांगली. ब्याडगीपण कोरडी खडखडीत आहे. तुझी वर्षाची चटणी राहिलीय ना अजून? तुझ्या वाट्याची काढून ठेवते. किती माणसांची?”

आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसणाचा लाल मसाला. उन्हाळ्यात एकदा करायचा आणि वर्षभर पुरवायचा. ज्या घरात वर्षाची चटणी झाली नाही त्या घराला आमच्यात घर म्हणत नाहीत. बाजीरावांना, म्हणजे आमच्या ह्यांना, दुसऱ्याच्या हातची चटणी चालत नाही, घसा धरतो. त्यांची तेवढी सोय करून ठेवायला पाहिजे, हे माझ्या डोक्यात सकाळपासून होतं. म्हणून मी मनाशी माप धरून नीट उत्तर दिलं.

“एका.”

“एका?”

“हां. एका माणसाची. बास होईल.”

“घरात दोघं आहात, शालन.”

मागं डंक पडत होता, धाड, धाड, धाड.

मग डंक थांबला.

ऐन हंगामात, बायका पिशव्या घेऊन रांगेत बसलेल्या असताना उज्ज्वला शेटेनं गिरणी बंद केली. एवढी वर्षं मी त्यांच्याशी फोनवर बोलत होते, पण डंकाशिवायचा त्यांचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. बारीक होता. कुणा दुसऱ्याच बाईचा वाटला.

“शालन, जीव द्यायचं डोक्यात आहे का तुझ्या?”

असं सरळ विचारू नये म्हणतात, नसलेलं डोक्यात येतं म्हणतात. खोटं आहे ते. माझ्या डोक्यात होतंच. कुणी विचारलं म्हणून ते पहिल्यांदा बाहेर पडायला वाट मिळाली.

“हो,” मी म्हणाले. आणि इतकी लाज वाटली की मी पदर तोंडावर ओढला. घरात कुणी नव्हतं तरी.

“बरं केलंस सांगितलंस.” मिरची ओली आहे हे कुणी वेळेवर सांगितलं तर म्हणतात तशा म्हणाल्या. “आता फोन ठेवायचा नाही. गॅस बंद आहे का बघ. आहे? आता चालत चालत दाराबाहेर ये. शेजारी कोण?”

“हौसाक्का.”

“हाक मार तिला.”

“काय सांगू?”

“काही सांगू नकोस. कांदे चिरायला बोलव. चटणीचे.”

“घरात कांदे चारच आहेत, ताई.”

“मग तिचे घेऊन ये म्हणावं! एवढं कळत नाही?”

हौसाक्का आली ती विळी आणि कांद्याची टोपली घेऊनच. शेजारणीकडं चटणी घातलीय म्हटल्यावर आमच्याकडं कारण विचारत नाहीत. “एवढ्या उन्हात काढलीस?” म्हणाली आणि मांडी घालून बसली. मी फोन कानाला लावूनच समोर बसले.

“कोण गं फोनवर?”

“अॅडमिन.”

“ते काय असतं?”

“सासूसारखं असतं,” मी म्हणाले, आणि फोनमधून उज्ज्वलाताई म्हणाल्या, “ऐकलं मी ते.”

त्या स्टँडवर चालत गेल्या, गाडीत बसल्या, तरी फोन ठेवू देईनात. मधे रेंज गेली की परत लावायच्या, “किती झाले?” हौसाक्काला वाटलं, ह्या बाईला कांद्याची फार काळजी.

दारात उतरल्या तेव्हा लुगड्याच्या निऱ्यांपर्यंत लाल होत्या. खांद्यावर मिरचीचं पोतडं. सगळी गाडी शिंकत आली म्हणाल्या. “कंडक्टर म्हणतो, बाई, पिशवी टपावर टाका. म्हटलं, टपावर तू बस.” मला मिठी मारली नाही, जवळ घेतलं नाही. परात मागितली, मिरची ओतली आणि म्हणाल्या, “देठं खुड.”

आम्ही तिघी देठं खुडत बसलो. उन्हं कलल्यावर हौसाक्का म्हशीची धार काढायला गेली. मग त्या म्हणाल्या, “दाखव.”

“काय?”

“स्मितानं पाठवलंय ते. मला माहीत नाही होय ती. कुणी ‘आग’ म्हटलं की ती काडेपेटी पाठवते.”

मी फोन दिला. त्यांनी चष्मा लावला. वाचताना ओठ हलवायची सवय होती त्यांना. पहिल्या दोन ओळींना हलले, मग घट्ट मिटले. बोटानं भराभरा खाली गेल्या, माणसं होती तिथं थांबल्या.

“एवढी माणसं,” त्या म्हणाल्या. “एकानं तरी विचारलंय का, किती माणसांसाठी?”

“नाही.”

“मग हे कसलं मेलं स्वयंपाकघर.”

माझ्या फोनमधून त्यांनी ते पान घालवलं, मेसेज घालवला आणि तिथंच बसून स्मिताला फोन लावला. पलीकडचं मला ऐकू येत होतं. “ताई, मी फक्त अवेअरनेस म्हणून. आपल्या बायकांना काही माहितीच नसते.”

“विस्तव कुठं आहे हे सांगणं अवेअरनेस, बाई. पेटवायचा कसा हे सांगणं नव्हे. आणि पाठवण्याआधी एक तरी फोन केलास का शालनला? कशी आहे विचारलंस?”

स्मिता रडायला लागली. ताईंनी तिला रडू दिलं आणि मग म्हणाल्या, “डोळे पूस. आता कुणाकुणाला पाठवलंयस ते आठव आणि एकेकीला फोन कर. मेसेज नव्हे. फोन.”

मला स्मिताची कणव आली. तिनं वाईट मनानं केलं नव्हतं. विचारलेल्याचं उत्तर द्यायचं, हे तिला आमच्याच ग्रुपनं शिकवलं होतं.

“आता तू बोल,” उज्ज्वलाताई माझ्याकडं न बघता म्हणाल्या. “मारतो का तो?”

“छे! ताई, काहीतरीच.”

“दुसरी बाई?”

“त्यांना गिअर टाकायला हात पुरत नाहीत.”

“मग?”

“मग काही नाही. तेच तर आहे ना. काही नाही.” आणि मला रडू आलं. मिरचीचं होतं की माझं, ते मलाही कळलं नाही. “कुणाला सांगितलं तर म्हणतील खाऊन-पिऊन माजलीय. तुम्हीसुद्धा मनात म्हणत असाल.”

त्यांनी परातीतून एक मिरची उचलली. वरून लालभडक होती. त्यांनी ती मधोमध मोडली. आत पांढरी बुरशी.

“ह्या मिरचीनं काय माज केला होता?” त्या म्हणाल्या. “ओल लागली कुठूनतरी. कुठून ते शोधत बसले तर पोतं जातं. उन्हात घालायची आधी.”

“आणि माझं ऊन कुठं आहे?”

“ते मला माहीत नाही. मी गिरणीवाली. त्याचे डॉक्टर असतात. उद्या जायचं. आज मी इथंच झोपणार, आणि सांगून ठेवते, मी घोरते.”

खरंच घोरल्या. डंक परवडला.

सकाळी बाजीराव आले. दारात अनोळखी चपला बघून थांबले, आत येऊन परात बघितली, मग ताईंना बघून टोपी काढली.

“ह्या उज्ज्वलाताई,” मी म्हणाले. “ग्रुपच्या.”

“या ताई. चटणी काय?”

“चटणी. आणि शालनला तुमच्याशी बोलायचंय.”

मी ताईंकडं गयावया करून बघितलं. खुणेनं म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी मान हलवली. “चहा टाकते मी. संसार तुझा आहे.” आणि माझ्याच स्वयंपाकघरात गेल्या, साखर कुठं असते ते न विचारता डबे उघडायला लागल्या.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही. वाक्यं धड नव्हती. बाजीराव पायातल्या बुटाची नाडी सोडायला वाकले होते ते तसेच राहिले. एक नाडी सुटलेली, एक बांधलेली.

“म्हणजे आज सकाळी,” ते म्हणाले, “दार मी उघडलं असतं?”

हे माझ्या मनातच आलं नव्हतं. एवढी ह्यांच्या चटणीची काळजी केली, मीठ-मिरचीचा विचार केला, आणि दाराचा केला नाही. त्या पानावरही कुणी दाराबद्दल लिहिलं नव्हतं.

“मला सांगायचंस ना गं.”

“लाज वाटली.”

“माझी?” त्यांनी वर बघितलं. तीस वर्षं घाटात गाडी चालवलेला माणूस, कधी घाबरलेला बघितला नव्हता. “माझी लाज वाटली तुला?”

“तुमची नव्हे. माझीच. तुम्ही काही कमी केलं नाही, मग मला का असं होतंय, म्हणून.”

त्यांनी दुसरी नाडी सोडली. परातीजवळ खाली बसले आणि मिरचीची देठं खुडायला लागले. कधी केलं नव्हतं ते काम, तरी खुडत बसले, आणि मग त्याच हातानं डोळे पुसले.

पुढं जे झालं त्यानं मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नाचताना बघितलं. ताई चहा तसाच सोडून पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या, “चोळू नका पाव्हणं, चोळू नका!” मी ह्यांचं डोकं धरून डोळ्यांवर पाणी मारत होते, हे “आई आई” करत होते आणि हौसाक्का दारात येऊन म्हणाली, “काय झालं गं? कोण गेलं?”

“कोणी नाही,” उज्ज्वलाताई म्हणाल्या. “सगळी आहेत.”

त्याच दिवशी आम्ही डॉक्टरांकडं गेलो. बाजीरावांनी रजा टाकली. तिथं बाकावर बसायचीसुद्धा मला लाज वाटली, ओळखीचं कुणी बघेल म्हणून मी पदर पुढं ओढून बसले. तर शेजारी आमच्या गल्लीतले पोस्टातले गृहस्थ, तेही टोपी पुढं ओढून बसलेले. आम्ही एकमेकांना ओळखलं आणि दोघांनीही ओळख दाखवली नाही. डॉक्टरीणबाई माझ्या पोरीच्या वयाच्या. त्या हसल्या नाहीत, दचकल्या नाहीत. ह्याला आजार म्हणतात आणि ह्याला औषध आहे, म्हणाल्या. गोळ्या लगेच लागू पडत नाहीत हेही सांगितलं. नाहीच पडल्या. एकदा बदलाव्या लागल्या. पोरगी येऊन राहिली. मधे वाईट दिवस आले, त्या दिवशी मी ताईंना फोन करून फक्त “ताई, ओल” एवढंच म्हणायचे, आणि त्या डंक बंद करायच्या. चव परत यायला पावसाळा उजाडला. एका दुपारी आमटी तोंडात घातली आणि माझ्याच तोंडून निघालं, “मीठ कमी.” किती वेळ तशीच चमचा धरून बसले होते.

ग्रुपवर आता नियम चार आहे. तसल्या बातमीत कसं केलं ते लिहायचं नाही, आणि कुणी विचारलं तर उत्तर द्यायच्या आधी फोन करायचा. नियमांच्या खाली १४४१६ हा नंबर लावून ठेवलाय. तिथं मराठीत बोलता येतं, दिवसा-रात्री कधीही. तो लावायचं काम स्मितानं केलं. तिच्याइतके फोन ग्रुपवर आता कुणी करत नाही. कुणी नुसतं “कंटाळा आलाय” लिहिलं तरी हिचा फोन जातो. बायका वैतागतात. वैतागू देत.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी डॉक्टरांकडून आम्ही घरी आलो तेव्हा उज्ज्वलाताई निघायच्या घाईत होत्या. गिरणीसमोर बायकांची रांग लागली होती, फोनवर फोन येत होते. त्यांनी ताणकाटा अडकवला, खुडलेल्या मिरचीची पिशवी जवळ ओढली आणि माझ्याकडं बघितलं.

“आता सांग. किती माणसांची?”

बाजीरावांचे डोळे अजून लाल होते. ते पटकन म्हणाले, “दोघांची.”

“तुम्हाला नाही विचारलं, पाव्हणं.”

हौसाक्का विळी न्यायला आली होती, ती तिथंच थांबली. मला तिघांच्या समोर तो शब्द उच्चारायची लाज वाटली. कालच्या लाजेहून ही वेगळी होती. पाळता येईल की नाही ह्याची खात्री नसताना शब्द देताना वाटते, तशी. घरात पाऊल टाकताना पहिल्यांदा नाव घ्यायला लावतात, तेव्हा वाटली होती तशीही थोडी.

“दोघांची,” मी म्हणाले.

“मोठ्यानं. मला डंकानं कमी ऐकू येतं.”

“दोघांची!”

“वर्षाची?”

“वर्षाची.”

त्यांनी ताणकाट्यावर मिरची मोजली, थोडी वर टाकली, पिशवीला गाठ मारली. “भाजून दळून आठवड्यानं देते. न्यायला तू यायचं, पाव्हण्यांना पाठवायचं नाही. आणि आज ग्रुपवर टाक. नियमाप्रमाणे.”

त्या गेल्यावर मी पिशवी होती तिथल्या लाल भुकटीचा आणि हौसाक्काच्या कांद्यांचा फोटो काढला. दुसरं दाखवायला काही नव्हतं. आणि लिहिलं:

“वर्षाची चटणी. दोन माणसांसाठी. ब्याडगी दीड किलो, संकेश्वरी एक किलो, कांदे, लसूण, खोबरं, तीळ, धने. देठं नीट खुडावीत. आतून ओल बघावी. कडक ऊन द्यावं. देठं खुडलेला हात डोळ्यांना लावू नये.”

पाठवलं आणि फोन पालथा घातला. थरथरला. उलटा करायला वेळ लागला मला.

पहिली शबानाच होती.

“ताई, दोघांना वर्षभर एवढी लागते?”

बाजीराव पलीकडं ओल्या फडक्यानं डोळे झाकून पडले होते. मी त्यांच्याकडं बघितलं. मग चष्मा लावला, एकेक अक्षर शोधलं आणि लिहिलं,

“लागेल.”